सी आणि डी ब्लॉकच्या मधल्या आठल्येबाई

मयूर विहारमधल्या सोसायटीत आम्ही सामान घेऊन पोचलो त्या सकाळी आमचं कपाट बराच वेळ फाटकाशीच उभं राहिलं. आमचा फ्लॅट सी ब्लॉकच्या तळमजल्यावर होता आणि अवजड सामान न्यायचं तर सी आणि डी या दोन ब्लॉकच्या मधल्या पट्ट्यातून मागच्या दाराशी जावं लागे. त्या पट्ट्याच्या मध्यावर एक बाई लोखंडी घडीची खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. हमालांनी त्यांना विनवलं, टेम्पोवाल्याने विनवलं, आणि शेवटी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहब, वो आंटी हट नहीं रहीं. कहती हैं अभी नाप रही हूँ."

मी गेलो. साठीच्या आसपासच्या सडपातळ बाई, चष्मा कपाळावर चढवलेला आणि वर्तमानपत्र नाकाच्या अगदी जवळ. माझं हिंदी ऐकताच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मराठी का? बरं झालं. जरा थांबा, मी लग्नाच्या जाहिरातींपर्यंत आलेय."

"मुलीसाठी बघताय का?" मी आपलं सौजन्य म्हणून विचारलं.

"मुलीचं झालं. सावलीसाठी बघतेय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाचू लागल्या.

आमचं कपाट उन्हात तापत होतं आणि बाई सावलीत गार बसल्या होत्या. त्यांचं मोजून झाल्यावर त्या उठल्या, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि कपाट नीट न्यायला हमालांना हाताने वाट दाखवू लागल्या. आठल्येबाईंची आणि माझी ओळख ती अशी झाली.

त्या पट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं. सोसायटी सरकारी नोकरदारांची. मूळ नकाशात सी आणि डी ब्लॉकच्या मध्ये 'सेंट्रल पार्क' असं लिहिलेलं होतं. बांधकाम होता होता दोन्ही ब्लॉक एकमेकांकडे सरकले, वर दोन-दोन मजल्यांनी वाढलेही, आणि सेंट्रल पार्कचं एक लांबोळं बोळकांड झालं. उन्हाळ्यात भर दुपारी तिथे उन्हाची एक चिंधी पडे आणि बघता बघता भिंतीवर चढून नाहीशी होई. दिवाळीपासून होळीपर्यंत तर तीही नाही. पण कागदोपत्री पार्क होता, त्यामुळे बागसमिती होती, समितीला अध्यक्ष होता आणि अध्यक्षाला हिरवळ हवी होती.

आठल्येबाई दिल्लीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सावली मोजायची त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच काढलेली. चष्मा काढून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, जागोजाग खुर्ची टाकून त्या वर्तमानपत्र वाचत. जिथे फक्त मोठी अक्षरं लागतात ती 'मथळ्याची सावली', म्हणजे सगळ्यात दाट. जिथे मजकूर वाचता येतो ती 'अग्रलेखाची सावली'. आणि जिथे लग्नाच्या जाहिरातींतली बारीक अक्षरंसुद्धा लागतात ती 'लग्नाची सावली', म्हणजे तिथे बरंच काही जमू शकतं. त्यांच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी या पद्धतीला हरकत घेतली होती, की डोळे म्हणजे काही उपकरण नव्हे. बाईंनी ती मनावर घेतली नाही. पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा अख्ख्या पट्ट्याची सावली एका दिवसात उजळली आणि त्यांना सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागलं. ते त्यांनी तक्रार न करता केलं.

माणसांबद्दल बोलतानाही त्यांच्या तोंडी झाडंच यायची. गुलाब त्यांना मुळीच आवडत नसे. "बदलीवर आलेला अधिकारी आहे तो," त्या म्हणत. "आल्यापासून पाणी वाईट, हवा वाईट, आणि एक दिवस मान टाकून मोकळा." आणि इथे ऊन नाही अशी कोणी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: "ऊन नाही हा या जागेचा पत्ता आहे. या पत्त्यावर राहणारं कोण, ते शोधायचं."

त्यांचे यजमान, आठल्येकाका, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं सगळंच बाईंच्या उलट. थंडीत ते सकाळी स्टूल घेऊन ए ब्लॉकच्या पूर्वेला बसत आणि ऊन सरकेल तसं सरकत, सगळ्या सोसायटीला वळसा घालून, संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी पोचत. बाई सावलीत, काका उन्हात. दिवसभरात दोघांची गाठ पडे ती जेवायला, आणि तेव्हा दोघंही आपापल्या ठिकाणची बातमी एकमेकांना सांगत. त्यांचा संसार मला फार सुखाचा वाटे.

बागसमितीचे अध्यक्ष भल्लासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. झुपकेदार मिशा, कडक इस्त्रीचा सफारी, आणि कायम त्यांच्या पायाशी टफी नावाचं पांढरंशुभ्र पॉमेरेनियन. दर पावसाळ्यात ते हिरवळीच्या गुंडाळ्या मागवत. वळकटीसारख्या त्या गुंडाळ्या पट्ट्यात पसरल्या जात, भल्लासाहेब अनवाणी चालून उद्घाटन करत, आणि दसऱ्यापर्यंत सगळं पिवळं पडून थंडीत नुसती माती उरे. पुढच्या वर्षी पुन्हा गुंडाळ्या. बाई त्यांना दर वर्षी सांगत की हे गवत उघड्या मैदानाचं आहे, इथे उपाशी मरतं. भल्लासाहेब म्हणत, "मैडम, डिसिप्लिन की कमी है."

एका वर्षी पूर्व दिल्लीतल्या वसाहतींच्या बागांची स्पर्धा जाहीर झाली आणि परीक्षक यायची वेळ नेमकी गवत पिवळं पडल्यावरची निघाली. भल्लासाहेबांनी हार मानली नाही. करोल बागेतून मोटारींना रंग मारणारा एक कारागीर फवाऱ्याच्या यंत्रासह आणला आणि सगळी हिरवळ बाटलीच्या हिरव्या रंगात रंगवून घेतली. काम सुबक झालं होतं. आठल्येबाई खाली आल्या, वाकून एका पातीला बोट लावलं, बोट हुंगलं आणि म्हणाल्या, "अच्छा किया भल्लाजी. अब इसे धूप भी नहीं चाहिए."

परीक्षक आले, लांबून बघून खूष झाले. जवळ मात्र टफी आला. रंग सुकायच्या आधी तो त्यावर मनसोक्त लोळला होता. पोट, पाय आणि अर्धं तोंड हिरवं. परीक्षकांतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, ही कुठली जात. भल्लासाहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. "इम्पोर्टेड है," ते म्हणाले. त्या दिवसांत दिल्लीत दर आठवड्याला काहीतरी नवं इम्पोर्टेड येत होतं, त्यामुळे परीक्षक बाईंनी मान डोलावली. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. टफी पुढे बरेच दिवस फिकट पोपटी होता.

त्यानंतर हिरवळीचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला आणि माथुर नावाच्या इंजिनियरांनी तोड सुचवली. ऊन खाली येत नसेल तर ते आणायचं. डी ब्लॉकच्या गच्चीवर आरसे बसवायचे आणि ऊन खाली पट्ट्यात टाकायचं. सभेला हे फार पटलं. जुन्या ड्रेसिंग टेबलांचे आरसे गोळा झाले, गच्चीवर एक चौकट उभी राहिली, आणि खरोखरच एका दुपारी खालच्या मातीवर उन्हाचा एक लखलखीत गोल पडला. टाळ्या वाजल्या. पण सूर्य काही थांबत नव्हता. गोल मातीवरून निघाला, सी ब्लॉकच्या भिंतीवर चढला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मल्होत्रांच्या खिडकीतून आत जाऊन त्यांच्या आईच्या, बीजींच्या, देवघरावर थांबला. चौकट फिरवायला चौकीदाराला गच्चीवर बसवलं होतं, पण त्याला जेवणानंतर डुलकी लागे. त्यामुळे रोज दुपारी बीजींच्या देवघरात प्रकाश अवतरू लागला. बीजींनी उदबत्ती लावली. मग त्यांच्या ओळखीच्या बायका यायला लागल्या. मग लिफ्टसमोर चपलांचा ढीग दिसू लागला. माथुरांनी घाबरून आरसे उतरवले, तेव्हा बीजी त्यांच्यावर इतक्या चिडल्या, की पुढे कित्येक महिने माथुर जिन्याने ये-जा करत होते.

आरसे गेले आणि मग खरा धोका आला. तोपर्यंत लोकांना कर्जावर गाड्या मिळू लागल्या होत्या. ज्या सोसायटीत स्कूटरची रांग असे तिथे दर महिन्याला एखादी हार घातलेली नवी मारुती येऊन उभी राहायची आणि तिच्यासाठी जागेवरून भांडण व्हायचं. त्या पट्ट्यात काही उगवत नाही हे सगळ्यांनीच मान्य केलेलं. तेव्हा तिथे सिमेंट टाकून पार्किंग करावं असा ठराव आला. आठल्येबाई सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि मला एक पावसाळा द्या, एवढंच म्हणाल्या. भल्लासाहेबांनी थोडा विचार केला. पावसात सिमेंटचं काम होणारच नव्हतं. "ठीक है मैडम," ते म्हणाले, "एक बरसात आपकी."

काय लावायचं हे बाईंनी केव्हाच ठरवलेलं होतं. पण अध्यक्षांनी ते डोळ्यांनी बघावं, असा त्यांचा हट्ट. म्हणून एका रविवारी त्या भल्लासाहेबांना आणि मला रिजवर घेऊन गेल्या. दिल्लीची ती जुनी खडकाळ टेकडी, वरती काटेरी किकर, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला. त्या किकरांच्या दाट सावलीत, कोणी लावला नाही, कोणी पाणी घातलं नाही, असा अडुळसा माणसाच्या कमरेएवढा माजून उभा होता. लांब काळपट हिरवी पानं. बाईंनी भल्लासाहेबांना त्याच्याशेजारी एका दगडावर बसायला लावलं आणि डोळे मिटायला सांगितलं. त्यांनी मिटले. फौजेत राहिल्यामुळे हुकूम कोणाचाही असला तरी ते आधी पाळत. काही वेळाने बाईंनी विचारलं, कसं वाटतंय. "ठंडा," भल्लासाहेब म्हणाले. मग डोळे उघडून झुडपाकडे बघत म्हणाले, "लेकिन मैडम, ये तो जंगली है."

"हाँ," बाई म्हणाल्या, "इसको आपकी ज़रूरत नहीं है."

ते ऐकून भल्लासाहेबांना थोडं लागलं, असं मला वाटलं.

रिजवरचं पानही तोडायचं नाही हा बाईंचा नियम. रोपं आणायची ती जिथे ती मरणारच आहेत तिथून. गाझियाबादकडे तेव्हा शेतं जाऊन मनोरे उभे राहत होते. हायवेच्या कडेने जिकडे बघावं तिकडे बुलडोझर आणि कारंज्यांची चित्रं असलेले फलक. एका गावाबाहेरची जुनी झाडी दुसऱ्या दिवशी सपाट होणार असं कळल्यावर बाई टेम्पो घेऊन निघाल्या आणि मलाही बरोबर घेतलं. आम्ही पोचलो तर बुलडोझर आधीच चालू होता. बाई छत्री उघडून थेट त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. चालवणारा खाली उतरला. तरुण सरदारजी होता, धुळीने खोकत होता. त्याला वाटलं बाईंची जमीन असावी. जमीन त्यांची नाही, झाडंही नाहीत, त्यांना फक्त जमिनीलगतची झुडपं हवीत, हे कळायला त्याला वेळ लागला. बाईंनी त्याला अडुळसा दाखवला आणि हा उकळून पी, तुझा खोकला जाईल, असं सांगितलं. मग पांढऱ्या फुलांचा चित्रक दाखवला. याची मुळं तुटली तर जगणार नाही, कुदळीने काढायचा तर दिवस जाईल, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

सरदारजी पुन्हा वर चढला. त्या अजस्र यंत्राचं लोखंडी सुपडं त्याने इतक्या अलगद जमिनीत घातलं, की मी बघतच राहिलो. मातीच्या सबंध ढेकळासकट चित्रकाचं बेट वर उचललं गेलं आणि आमच्या टेम्पोत, पानही न हलता, उतरलं. मग दुसरं. मग अडुळशाची बेटं. ज्या यंत्राने तो सगळं भुईसपाट करायला आला होता त्याच यंत्राने तो दुपारपर्यंत बागकाम करत राहिला. निघताना त्याने बाईंच्या पाया पडून अडुळशाची जुडी मागून घेतली. आम्ही रस्त्याला लागलो आणि मागे उरलेली झाडी पडायचे आवाज यायला लागले.

टेम्पोत बाई रोपांच्या मध्ये बसल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा करोल बागेत एका गल्लीत, मागच्या अंगाची एक खोली त्यांना मिळाली होती. दिवसाही दिवा लावावा लागे. हिंदी येत नव्हतं. काका सकाळी जात ते रात्री येत.

"खोलीच्या दाराशी, मोरीजवळ, घरमालकिणीने तुपाच्या डब्यात अडुळसा लावलेला होता," त्या म्हणाल्या. "ऊन कधी नाही. ती कधीमधी भांड्यांचं पाणी ओतायची, तेवढंच. मला वाटायचं, हा मेला की मी पण आईकडे जाईन. रोज सकाळी उठून बघायची. तो काही मेला नाही."

एवढं बोलून त्या हसल्या आणि वळणावर चित्रक कलंडू नये म्हणून त्याच्या ढेकळाला दोन्ही हातांनी धरून बसल्या.

त्या पावसाळ्यात पट्ट्याची लावणी झाली. अग्रलेखाच्या सावलीत अडुळसा, लग्नाच्या सावलीत चित्रक आणि निळ्या फुलांची कोरांटी, भिंतीच्या कडेने गुळवेल. प्रश्न होता मथळ्याच्या सावलीचा, म्हणजे सी ब्लॉकच्या कोपऱ्यातल्या अगदी अंधाऱ्या जागेचा. तिथे टाकीचा एक पाइप कित्येक वर्षं झिरपत होता आणि त्या ओलीवर आपोआप शेवाळ धरलं होतं. बाईंनी एका पडक्या विहिरीच्या भिंतीवरून हंसराज आणून तिथे लावला. काळ्या दोऱ्यासारखे देठ आणि बारीक नाजूक पानं. तो तिथे असा फुटला की जणू विहिरीतून घरी आला. अडचण एकच होती, की त्या भिंतीच्या आतल्या बाजूला माझी झोपायची खोली होती. तक्रारी करून करून अखेर एक दिवस प्लंबर आला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली, त्याच्या गावची चौकशी केली आणि पाइपला हात न लावता परत पाठवलं. मी भिंतीचे पोपडे दाखवले. त्यांनी आत येऊन ते मन लावून पाहिले.

"सबनीस," त्या म्हणाल्या, "पलंग जरा अलीकडे घ्या ना."

आम्ही पलंग अलीकडे घेतला. माझी बायको त्यानंतर बरीच वर्षं ओल्या भिंतीकडे पाठ करून झोपली आणि सकाळी खिडकीतून हंसराज बघायला मात्र पहिली उठली.

पाऊस संपला आणि ठरावाची सभा आली. दिल्लीत सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा फार वाईट. सभा हॉलमध्ये भरली आणि पाच मिनिटांत वीज गेली. पंखे थांबले, लोक घामाने भिजले, कोणीतरी बाहेर चला म्हणालं आणि सगळी सभा उठून आपोआप त्या पट्ट्यात आली, कारण तिथेच गार होतं. लोक अडुळशाच्या कडेला सतरंज्या टाकून बसले. मल्होत्रांच्या बीजी खुर्ची घेऊन हंसराजाजवळ बसल्या. कोणीतरी सरबत आणलं. इतकी शांत सभा आमच्या सोसायटीत कधी झाली नव्हती. भल्लासाहेबांनी ठराव वाचला: या जागी काही उगवत नसल्यामुळे इथे सिमेंट टाकून पार्किंग करण्यात यावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा.

हात वर झाले. कोणी झुडपाला टेकून, कोणी एका हातात सरबताचा पेला धरून, पण जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. गाडी प्रत्येकाकडे होती किंवा येणार होती. ठराव मंजूर झाला, वीज आली, आणि तरी कोणी उठेना. अंधार पडेपर्यंत लोक ज्या जागेवर सिमेंट टाकायचं ठरवलं होतं त्याच जागेची स्तुती करत बसले. आठल्येबाई मुकाट घरी गेल्या. त्यांना त्या दिवशी पाठमोरं बघून मला फार वाईट वाटलं.

बाग वाचली ती आठल्येकाकांमुळे. काका दुसऱ्या दिवशी ऊन सोडून आत बसले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी एक साधा अर्ज लिहिला. पार्किंगला आमचा पाठिंबाच आहे, फक्त कुठली जागा कोणाला मिळणार हे आधी ठरावं, आणि आमच्याकडे गाडी नसली तरी सभासद म्हणून आम्हालाही एक जागा हवी, ती मधोमध. झालं. चिठ्ठ्या टाकायच्या का ज्येष्ठतेने, आधी गाडी घेतलेल्याला का आधी फ्लॅट घेतलेल्याला, यावरून जे सुरू झालं ते थांबेचना. थोडी शांतता झाली की काका आणखी एक अर्ज देत. कधी गाडीच्या लांबीबद्दल, कधी वळवायच्या जागेबद्दल. कोणीतरी कोर्टात गेलं. कोर्टाने निकालापर्यंत जागा आहे तशी ठेवायला सांगितली. त्यामुळे आमची बाग कागदोपत्री आजही बाग नाही, ते एक वादग्रस्त पार्किंग आहे. दर हिवाळ्यात त्यात अडुळसा पांढरा फुलतो. भल्लासाहेब रोज संध्याकाळी टफीला घेऊन तिथे फिरत आणि पाहुण्यांना सांगत, "अंडर डिस्प्यूट है, इसलिए इतना अच्छा है."

या सगळ्याची कीर्ती कशी कोण जाणे, गाझियाबादच्या एका बिल्डरपर्यंत पोचली. त्यांनी बाईंना सल्लागार म्हणून बोलावलं. मी बरोबर गेलो होतो. हायवेलगत काचेचं थंडगार ऑफिस, मध्यभागी येऊ घातलेल्या वसाहतीची प्रतिकृती. थर्मोकोलचे उंच मनोरे आणि त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची चिमुकली ताडाची झाडं. आजूबाजूला फ्लॅट घ्यायला आलेली कुटुंबं सोफ्यांवर बसलेली. बाईंनी प्रतिकृतीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मॅनेजरला विचारलं, यात उत्तर दिशा कुठे आहे. मॅनेजर नम्र होता. तो म्हणाला, "मैडम, नॉर्थ आप जिधर कहें उधर कर देंगे."

बाईंनी टेबलावरचा नकाशा पाहून उत्तर शोधली. मग पिशवीतून टॉर्च काढला आणि डिसेंबरातला सूर्य जसा खालून जातो तसा तो हळूहळू फिरवायला सुरुवात केली. त्या काही भाषण करत नव्हत्या. झाडं कुठली लावायची यासाठी सावल्या बघत होत्या. पण थर्मोकोलच्या मनोऱ्यांच्या लांबलचक सावल्या एकमेकांवर सरकू लागल्या तशी सोफ्यांवरची माणसं उठून आली. एका तरुण जोडप्याने विचारलं, "आंटी, हमारा ये वाला है. यहाँ धूप कब आएगी?"

बाईंनी टॉर्च पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत नीट फिरवून दाखवला. त्या खिडकीवर तो कुठूनच पडला नाही. बाईंचा चेहरा उजळला. त्या मनापासून आनंदाने म्हणाल्या, "आपके यहाँ हंसराज बहुत अच्छा होगा. सबके नसीब में नहीं होता."

जोडपं एकमेकांकडे बघत राहिलं आणि मग निघून गेलं. मग आणखी एक कुटुंब पुढे आलं, त्यांच्या वाट्याला चित्रक आला. तिसऱ्यांना अडुळसा. प्रत्येकाचं बाई अभिनंदन करत होत्या आणि प्रत्येक जण उठून जात होता. मॅनेजरने आधी खोलीतले सगळे दिवे लावले, मग टॉर्चच्या आड उभा राहिला. शेवटी त्याने बाईंना हात जोडले आणि आम्हाला गाडीने घरी पोचवण्याची व्यवस्था केली. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांनी काय केलं. वाटेत त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण लोकांना घाई फार. ऐकून घेत नाहीत."

पुढे काकांना गुडघ्यांचा त्रास सुरू झाला आणि ते दोघं मुलीजवळ राहायला गाझियाबादला गेले. जाण्याच्या दिवशी निरोप-समारंभ वगैरे काही झाला नाही. बाईंनी कात्री आणि झारी माझ्या बायकोच्या हवाली केली, पाइप दुरुस्त करू नका म्हणून मला पुन्हा बजावलं आणि त्या गाडीत बसल्या. फोन होत असत. मग कमी झाले.

बाईंना शेवटचं पाहिलं ते एका नव्या फ्लायओव्हरखाली. मी ऑफिसातून परत येत होतो. रस्ते रुंद झाले होते, जागोजाग असे पूल उभे राहिले होते आणि त्यांच्या खाली रुंद, कोरडी, धुळीने भरलेली सावली पसरलेली असे. सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. सिग्नल हिरवा झाला तरी हलेनात, म्हणून मी मान बाहेर काढून पाहिलं. एक वाहतूक पोलीस दोन्ही हात पसरून सगळ्या गाड्या अडवून उभा होता, कारण एका म्हाताऱ्या बाईंना रस्ता ओलांडायचा होता. बाई निम्म्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. फ्लायओव्हरच्या दोन पुलांमध्ये एक फट होती, तिच्यातून उन्हाची एक लांब रेघ खाली दुभाजकावर पडली होती. त्या हात कपाळाशी धरून आधी वर बघत, मग खाली त्या रेघेकडे, मग पुन्हा वर. मागून हॉर्न सुरू झाले. पोलिसाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि मग त्यानेही मान वर करून बघायला सुरुवात केली.